फेरेदानची बोली : चार शतके टिकली, पुढे काय?

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध झाले, तेव्हा इस्फहान हे नाव जगभरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. २२ जून रोजी अमेरिकेने इराणच्या ज्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्बहल्ला केला, त्यांत इस्फहानचे केंद्र होते. त्या दिवसांत नकाशे छापले गेले, क्षेपणास्त्रांचे पल्ले मोजले गेले. याच इस्फहानपासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, झाग्रोस पर्वताच्या कुशीत, फेरेदूनशहर नावाचे एक लहानसे थंड गाव आहे. तेथील घरांतून फारसीबरोबर जॉर्जियन भाषेची एक बोली ऐकू येते, याची दखल मात्र त्या धामधुमीत कोणी घेतली नाही. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथून सरळ रेषेत हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही चारशे वर्षांपूर्वी तेथून आणलेल्या लोकांचे वंशज आजही त्या भाषेत बोलतात. ही बोली आणखी किती काळ टिकेल, हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने उभा राहिला आहे.

या कहाणीचा एक धागा थेट आपल्या गोव्यापर्यंत येतो. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या भग्न चर्चच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खननात काही अस्थी सापडल्या. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने त्यांची डीएनए चाचणी केली, आणि त्या जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असाव्यात या निष्कर्षाला बळकटी मिळाली. त्यातील एक भाग १० जुलै २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला. त्या समारंभाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. ही राणी गोव्यात कधी आली नव्हती. काखेती या पूर्व जॉर्जियातील राज्याचा राजा तैमुराज पहिला याची ती आई. इराणचा शहा अब्बास पहिला याच्या ताब्यात ती सुमारे दहा वर्षे होती. धर्मांतरास नकार दिल्याबद्दल सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथील पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातील काही १६२७ साली गोव्याला पोहोचवले.

ज्या संघर्षात केतेवानचा बळी गेला, त्याच संघर्षात तिची प्रजा देशोधडीला लागली. १६१४ ते १६१७ या काळात शहा अब्बासने काखेतीवर लागोपाठ स्वाऱ्या केल्या आणि तेथील बंड मोडून काढताना प्रदेश जवळजवळ ओसाड केला. शहाच्याच दरबारातील इतिहासकार इस्कंदर बेग मुन्शी याने ६० ते ७० हजार माणसे मारली गेली आणि एक लाखाहून अधिक कैद करून नेली गेली, असे लिहून ठेवले आहे. दरबारी आकडे विजयाच्या अभिमानाने फुगवलेले असू शकतात, हे मान्य केले तरी स्थलांतराचा आवाका त्यातून कळतो. राणीचे नाव इतिहासात राहिले, पुढे चर्चने तिला संतपद दिले, तिच्यावर पुत्राने काव्य रचले. तिच्या प्रजेतील शेतकऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी मागे ठेवलेला एकमेव मोठा ऐवज म्हणजे त्यांची बोली.

या लोकांना ‘स्थलांतरित’ म्हणणे हा एक प्रकारे भाषेचा संकोच आहे. ते पोटासाठी किंवा साहसासाठी घर सोडून गेले नव्हते. त्यांना हाकत नेण्यात आले होते. काहींना कास्पियन समुद्राकाठच्या माझंदरान प्रांतात वसवण्यात आले, काहींना खोरासानच्या वाटेवर, तर काहींना इस्फहानच्या पश्चिमेकडील फेरेदान या डोंगराळ भागात. १५९८ च्या सुमारास शहाने राजधानी इस्फहानला हलवली होती. राजधानी आणि पश्चिमेकडील लुर व बख्तियारी टोळ्या यांच्यामध्ये भरवशाची, लढाऊ आणि शेतीत निपुण अशी वस्ती असावी, हा हेतू त्यामागे असल्याचे मानले जाते. फेरेदानला आलेल्यांनी नव्या गावांना जुन्या गावांची नावे दिली. आजचे फेरेदूनशहर त्यांच्या तोंडी मार्तकोपी आहे, तर आफूस हे रुइसपिरी. मूळ मार्तकोपी आणि मूळ रुइसपिरी ही गावे आजही पूर्व जॉर्जियात आहेत. फेरेदूनशहराजवळच्या एका डोंगराचे नाव ‘त्सिखे’. जॉर्जियन भाषेत त्याचा अर्थ किल्ला.

पुढच्या पिढ्यांत या लोकांनी शिया पंथ स्वीकारला. चर्च राहिले नाही आणि चर्चबरोबर लिपीही गेली. जॉर्जियन लिपी ही जगातील मोजक्या स्वतंत्र लिप्यांपैकी एक आहे. २०१६ साली युनेस्कोने तिच्या तीन रूपांच्या जिवंत परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण फेरेदानच्या जॉर्जियनांनी शतकानुशतके ही लिपी पाहिलीही नाही. लिहिण्याची वेळ आली, तर त्यांनी फारसी लिपी वापरली. भाषेच्या जतनाविषयी आपल्याकडे ज्या ठरीव समजुती आहेत, त्यांना येथेच पहिला धक्का बसतो. भाषा टिकते ती धर्मग्रंथामुळे, लिपीमुळे, शाळेमुळे, साहित्यामुळे, असे आपण गृहीत धरतो. याच फेरेदानमध्ये शहा अब्बासने आर्मेनियन लोकांनाही वसवले होते. त्यांच्याजवळ चर्च होते, लिपी होती, इस्फहानजवळच्या नव्या जुल्फात तर सतराव्या शतकातच त्यांचा छापखाना सुरू झाला. त्यांची भाषा टिकली याचे आश्चर्य वाटत नाही. शेजारच्या जॉर्जियनांकडे यांपैकी काहीच नव्हते आणि तरीही त्यांची बोली टिकली. याचे उत्तर शोधण्यासारखे आहे.

उत्तराचा एक भाग त्याच लोकांच्या दुसऱ्या शाखेकडे पाहिले की मिळतो. सफवी काळात इराणमध्ये आणलेले सगळेच जॉर्जियन शेतकरी नव्हते. शाही सेवेतील ‘गुलाम’ या लष्करी वर्गात घेतलेले जॉर्जियन फार वर चढले. इस्फहानमधील तेहतीस कमानींचा सुप्रसिद्ध पूल ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो अल्लाहवर्दी खान जन्माने जॉर्जियन. त्याचा मुलगा इमाम कुली खान शिराझचा सुभेदार झाला. १६२२ साली इंग्रजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेणाऱ्या इराणी सैन्याचा सेनापती तोच, आणि ज्या शिराझमध्ये केतेवानचा वध झाला, त्या शिराझचा कारभारही त्याच्याच हाती होता. सत्ता, संपत्ती आणि मानमरातब यांत या घराण्यांना काहीही कमी पडले नाही. पण दरबारात वावरणाऱ्यांची भाषा दरबाराची झाली. डोंगरात नांगर धरणाऱ्यांची भाषा मात्र टिकली. भाषेचा आणि भौतिक यशाचा संबंध सरळ नसतो, हे यावरून दिसते. पुष्कळदा तो उलटाच असतो.

पण गरिबी आणि दुर्गमता एवढ्यानेही भाषा टिकत नाही. माझंदरानमधील बेहशहर आणि फराहाबाद येथे जॉर्जियनांच्या मोठ्या वसाहती होत्या. तेथील वस्त्यांना आजही ‘गोर्जी महल्ला’ म्हणतात. गोर्जी म्हणजे फारसीत जॉर्जियन. ‘गोर्जी’ हे आडनाव इराणमध्ये सर्वत्र आढळते. या लोकांना आपल्या मुळाची जाणीव आहे, पण भाषा नाही. शाहरूद आणि सब्जेवार यांच्यामधील अब्बासाबाद येथे १९३४ साली जॉर्जियन भाषा आठवणारी अवघी एक वृद्धा उरली होती, अशी नोंद आहे. या एका ओळीत केवढी शोकांतिका आहे, हे सांगायला नको. त्या बाईला शब्द आठवत असतील, म्हणी आठवत असतील, कदाचित अंगाईही आठवत असेल, पण ती कोणाशी बोलणार? भाषा जिवंत राहायला किमान दोन माणसे लागतात, आणि त्यातील एक लहान मूल असावे लागते.

फेरेदानमध्ये ही दोन माणसे मिळत राहिली, कारण तेथे गावे एकमेकांना लागून होती. एकट्यादुकट्या वस्तीला शेजारच्या बहुसंख्यांची भाषा घ्यावीच लागते. दहा-बारा गावांच्या समूहाला मात्र बाजार, सोयरीक, शेतीतील सावड आणि भांडणतंटा हे सारे आपल्या भाषेत करता येते. लग्ने बहुतांशी आपसांत होत. भोवतालचे बख्तियारी, तुर्की भाषक, आर्मेनियन आणि खान्सारकडचे फारसी भाषक यांच्यापेक्षा आपण वेगळे आहोत, ही भावना धर्म एक झाल्यावरही राहिली, आणि ती व्यक्त करण्याचे भाषेशिवाय दुसरे साधन उरले नाही. सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरील या भागात हिवाळ्यात बर्फ पडून वाटा बंद होत. लांबच्या त्या रात्रींत घरात जे बोलले जाई, तीच मुलांची शाळा होती. जॉर्जियन भाषेत आईला ‘देदा’ म्हणतात आणि वडिलांना, मराठी माणसाला गंमत वाटावी असे, ‘मामा’. मातृभाषेला ‘देदा एना’ हा शब्द आहे. फेरेदानच्या संदर्भात तो अक्षरशः खरा ठरला. तेथे ही भाषा लिपीने किंवा राजाज्ञेने पुढे आणली नाही, घरातल्या बायकांनी आणली.

मायदेशाला या लोकांची आठवण बऱ्याच उशिरा झाली. जॉर्जियन लेखक लादो अग्निआश्विली १८९४ साली फेरेदानला गेला आणि १८९६ साली त्याने इराण आणि तेथील जॉर्जियन यांच्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. जॉर्जिया तेव्हा रशियन झारच्या अमलाखाली होता आणि शाळांतून जॉर्जियन भाषेची गळचेपी होत होती. अशा वेळी, हरवलेले भाऊबंद परमुलखात आपली भाषा बोलत आहेत, ही वार्ता तिबिलिसीच्या सुशिक्षितांना भारावून टाकणारी होती. भाषाशास्त्रज्ञ आर्नोल्ड चिकोबावा यांनी १९२७ साली फेरेदानी बोलीच्या वैशिष्ट्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. आज त्यांच्याच नावाने तिबिलिसीत भाषाविज्ञान संस्था आहे. पुढे सोव्हिएत सीमा बंद झाली आणि संबंध जवळजवळ तुटला. १९७० च्या दशकात फेरेदानची काही कुटुंबे सोव्हिएत जॉर्जियात जाऊन स्थायिक झाली. त्यांतील काही तेथे रमली, काही परत इराणला आली. स्वप्नातली मायभूमी आणि प्रत्यक्षातला देश यांत अंतर असते, हे त्यांना कळले. त्यांची भाषा जॉर्जियन होती, पण त्यांचा धर्म, त्यांचे आडनाव आणि त्यांच्या आजोबांच्या कबरी इराणच्या होत्या.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. फेरेदानच्या बोलीविषयी लिहिताना ‘सतराव्या शतकातील जॉर्जियन जशीच्या तशी जपली आहे’ असे वाक्य हमखास येते. ते आकर्षक असले तरी खरे नाही. कोणतीही बोलली जाणारी भाषा चारशे वर्षे थिजून राहत नाही. फेरेदानी बोलीत काखेतीच्या बोलीचे रूप आणि काही जुने शब्द टिकले आहेत, हे खरे. पण तिच्यात फारसीतून आलेल्या शब्दांचा आणि वाक्प्रयोगांचा मोठा भरणाही आहे. कार्यालय, कायदा, शिक्षण, यंत्रे यांचे शब्द तिने शेजाऱ्यांकडून घेतले. मायदेशातील जॉर्जियन भाषेनेही तेच केले, फक्त तिने ते रशियनकडून आणि युरोपीय भाषांकडून घेतले. आज पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाणारी प्रमाण जॉर्जियन तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलिया चवचवाद्झे यांच्या पिढीने घडवली. याकोब गोगेबाश्विली यांचे ‘देदा एना’ हे गाजलेले प्राथमिक पुस्तक १८७६ चे. म्हणजे फेरेदानचे लोक घराबाहेर पडले, त्यानंतर अडीचशे वर्षांनी ही प्रमाणभाषा आकाराला आली. त्यामुळे फेरेदानी ही प्रमाण जॉर्जियनचे बिघडलेले रूप आहे, असे म्हणणे काळाच्या हिशेबातच चुकीचे ठरते. त्या दोघी एकाच घरातील, वेगवेगळ्या गावी नांदलेल्या बहिणी आहेत.

चार शतके न झालेले काम गेल्या साठ वर्षांत होऊ लागले आहे. १९६३ साली शहा मोहम्मद रझा पहलवीच्या ‘श्वेत क्रांती’त साक्षरता पथके खेड्यापाड्यांत गेली. मुले शिकली, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. पण ती फारसीत शिकली. रस्ते झाले, दूरचित्रवाणी आली, लष्करी सेवा आणि नोकरी यांसाठी तरुण बाहेर पडले. इस्फहान, तेहरान येथे जाऊन राहिलेल्या कुटुंबात दुसऱ्या पिढीची बोली समजण्यापुरती उरते आणि तिसऱ्या पिढीला ती समजतही नाही. गावातल्या आईलाही वाटते की, मुलाच्या फारसीत गावचा हेल आला, तर शाळेत त्याला हसतील. म्हणून ती त्याच्याशी फारसीत बोलू लागते. या निर्णयामागे बोलीविषयी तिरस्कार नसतो, मुलाविषयी काळजी असते. ज्या आयांनी भाषा टिकवली, त्याच आया ती सोडून देण्याच्या वळणावर उभ्या आहेत आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

इराणच्या राज्यघटनेतील पंधरावे कलम या संदर्भात महत्त्वाचे आहे. राजभाषा फारसी असली, तरी प्रादेशिक आणि जमातींच्या भाषांचा वापर वृत्तपत्रे व प्रसारमाध्यमांत करण्यास आणि त्यांचे साहित्य शाळेत फारसीच्या जोडीने शिकवण्यास हे कलम मुभा देते. मुभा देणे आणि व्यवस्था करणे यांतील फरक आपल्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कुर्द किंवा अझेरी यांच्यासारख्या मोठ्या समाजांनाही या कलमाचा लाभ पुरेसा मिळालेला नसताना काही गावांपुरत्या बोलीची गणना कोण करणार? शिवाय सीमावर्ती अल्पसंख्याकांच्या भाषिक मागण्यांकडे इराणी सत्ता सुरक्षेच्या दृष्टीने पाहते. फेरेदानच्या जॉर्जियनांची गोष्ट निराळी आहे. ते देशाच्या मध्यभागी राहतात, शिया आहेत, फुटून निघण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या बोलीला जागा देण्याने राज्याचे काहीही बिघडणार नाही.

जॉर्जियाची भूमिकाही तपासून पाहायला हवी. भाषेसाठी रस्त्यावर उतरलेला हा देश आहे. १४ एप्रिल १९७८ रोजी जॉर्जियनचे राजभाषेचे स्थान काढून घेण्याच्या सोव्हिएत प्रस्तावाविरुद्ध तिबिलिसीत हजारो लोक, विशेषतः विद्यार्थी, जमले आणि मॉस्कोला माघार घ्यावी लागली. तो दिवस आज तेथे मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो. परदेशस्थ जॉर्जियनांसाठी २००८ साली स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झाले, २०११ साली त्यांच्याविषयी कायदाही झाला, पण २०१६ च्या अखेरीस ते मंत्रिपद गुंडाळून काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले. इराणी नागरिकांना २०११ पासून व्हिसाविना प्रवेश होता, तो २०१३ मध्ये रद्द झाला आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. पश्चिमेचे निर्बंध, तेहरानशी संबंध आणि वॉशिंग्टनची मर्जी यांच्या हिशेबात हा दरवाजा उघडतो आणि मिटतो. आजी मार्तकोपीत, नातू तिबिलिसीच्या विद्यापीठात अशी कुटुंबे या उघडझाकीत अडकतात.

तरीही जॉर्जियाची मदत येते तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहते. पुस्तके येतात, लिपी येते, इंटरनेटवरून गाणी आणि मालिका येतात, पण त्या साऱ्या प्रमाण जॉर्जियनमध्ये. फेरेदानच्या तरुणाला आपल्या आजीची बोली आणि पुस्तकातली भाषा यांत तफावत दिसते आणि आजी ‘अशुद्ध’ बोलते, असे त्याला वाटू लागते. फारसी त्याच्या बोलीला एका बाजूने ढकलते, तर आपलीच प्रमाणभाषा दुसऱ्या बाजूने. जॉर्जियन भाषा टिकवणे आणि फेरेदानी बोली टिकवणे ही एकच गोष्ट नव्हे, हे धोरण आखणाऱ्यांनी ओळखले नाही, तर उद्या फेरेदूनशहरात चांगली जॉर्जियन शिकलेले तरुण असतील, पण फेरेदानी बोलणारे कोणी नसेल.

तुर्कस्तानातील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर बातुमी आणि अजारा हा प्रदेश रशियाकडे गेला, तेव्हा तेथील मुस्लिम जॉर्जियन मोठ्या संख्येने उस्मानी साम्राज्यात आले आणि ओर्दू, साम्सुन, बुर्सा, इनेगोल या भागांत स्थिरावले. ते स्वतःला ‘च्वेनेबुरी’ म्हणजे ‘आपल्यातले’ म्हणवतात. त्यांची बोली अजारी वळणाची. तुर्की राष्ट्रवादाच्या कडक वातावरणात तिच्याविषयी लिहिणेही धोक्याचे होते. या समाजातील लेखक अहमत ओझकान मेलाश्विली यांनी १९६८ साली जॉर्जियावर पुस्तक लिहिले, १९७७ साली ‘च्वेनेबुरी’ हे नियतकालिक स्टॉकहोममधून निघू लागले. १९८० च्या जुलैत बुर्सा येथे मेलाश्विली यांची हत्या झाली. १९८८ साली सार्पीची सीमा खुली झाल्यावर दळणवळण वाढले, २०१२ नंतर तुर्की शाळांतून अल्पसंख्य भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेण्याची सोय झाली आणि पुढे तीत जॉर्जियनचाही समावेश झाला. पण तोवर घराघरांत तुर्की स्थिरावली होती. परवानगी मिळाली तेव्हा बोलणारी मुले उरली नव्हती. भाषेच्या बाबतीत उशिरा मिळालेला न्याय पुष्कळदा असा कोरडा ठरतो.

हे सारे वाचताना मराठी वाचकाला तंजावर आठवल्यावाचून राहणार नाही. व्यंकोजी राजे १६७० च्या दशकात तेथे स्थिरावले, भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत चालले, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्यांच्या वंशजांच्या घरांत तमिळ वळणाची मराठी अजूनही बोलली जाते. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपणच म्हणतो. पण पुण्या-मुंबईचा पाहुणा तंजावरी मराठी ऐकतो, तेव्हा आधी त्याला हसू येते आणि मग तो ती सुधारू पाहतो. दुसऱ्या टोकाला मॉरिशस आहे. तेथे मराठी शाळेत शिकवली जाते, सण साजरे होतात, पण घरातले बोलणे बहुतांशी क्रिओलमध्ये चालते. एका ठिकाणी शाळा नाही पण घर आहे, दुसऱ्या ठिकाणी शाळा आहे पण घर नाही. फेरेदानला आजवर पहिल्याचा आधार होता. घर सुटले, तर दुसऱ्यावर भिस्त ठेवावी लागेल.

मग करण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट, वृद्ध भाषकांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, न सुधारता ध्वनिमुद्रित करणे. तिबिलिसीतील अभ्यासकांनी जॉर्जियन बोलींचा संगणकीय संग्रह उभारला आहे आणि त्यात फेरेदानीलाही स्थान आहे. हे काम मोलाचे आहे. पण संग्रह तिबिलिसीत आणि बोलणारे फेरेदानमध्ये अशी विभागणी राहिली, तर तो केवळ अभ्यासकांचा ठेवा होईल. म्हणून दुसरी गोष्ट, त्यातून निघणारा शब्दकोश आणि गोष्टींची पुस्तके फारसी आणि जॉर्जियन अशा दोन्ही लिप्यांत गावात पोहोचली पाहिजेत. आजीला वाचता येईल ती फारसी लिपी, नातवाला हवीहवीशी वाटेल ती जॉर्जियन. तिसरी गोष्ट, शिकवणारा बाहेरून न येता गावातलाच असावा, आणि त्याने प्रमाणभाषा शिकवताना बोलीला चूक म्हणू नये. चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. मुलाशी बोलीत बोलल्याने त्याची फारसी बिघडत नाही, दोन भाषा एकत्र वाढतात, हे आईला पटले पाहिजे. तिची भीती खोटी ठरवायची, तर गावाच्या हेलाला हसणे शाळेने आधी थांबवले पाहिजे.

यांतील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागतो तो थोडा निर्धार आणि बराच संयम. इराणवर निर्बंधांचा बोजा आहे, २०२५ च्या युद्धाने त्यात भर घातली, आणि अशा काळात डोंगरातील तरुण आणखी वेगाने शहराकडे किंवा देशाबाहेर जातो. राजकारणाच्या मोठ्या वावटळीत एखाद्या बोलीची पडझड कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्यासाठी शोकसभा होत नाही, कारण ती नेमकी कोणत्या दिवशी गेली, हेच कळत नाही.

केतेवान राणीच्या अस्थी चार शतकांनी मायदेशी परतल्या. विमानतळावर मानवंदना झाली, धर्मगुरू आले, दोन देशांचे मंत्री उपस्थित होते. अस्थी मातीत राहू शकतात, भग्न चर्चच्या दगडांखाली वाट पाहू शकतात, आणि कोणी उत्खनन केले तर पुन्हा हाती लागतात. तिच्या प्रजेची बोली मात्र कोणाच्या तरी तोंडी असली, तरच असते. ती आज मार्तकोपीच्या घरांत आहे. उद्या तेथे नसेल, तर कोणत्याही उत्खननात सापडणार नाही.